अख्खं सोडणं

सोमवार, १० जुलै २०१७, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं. शनिवार-रविवारच्या त्रेचाळीस फायली माझ्या टेबलावर आल्या होत्या. त्यांपैकी एकोणीस रस्त्यावरच्या अपघातांच्या होत्या, चार मृत्यूंच्या. विया काओबाच्या प्रांतिक रुग्णालयाच्या मानानं सुट्टीचे दोन दिवस शांत गेले होते.

आमच्या खोलीचं काम थोडक्यात असं : डॉक्टरांनी फायलीत शब्दांत जे लिहिलं असेल त्याला संकेतांक द्यायचा. एकच आजार सिबाओच्या खोऱ्यात, राजधानीत आणि समुद्रापलीकडे एकाच नावानं मोजला जावा, एवढाच त्यामागचा हेतू. साध्या आजाराला एक संकेतांक पुरतो, अपघाताला दोन लागतात. पहिला काय मोडलं याचा. दुसरा कसं मोडलं याचा : जखमी माणूस कशावर होता, पुढे होता की मागे, आणि त्याच्यावर काय आदळलं. पहिला डॉक्टरांच्या अक्षरातून बहुधा निघतो. दुसरा निघत नाही, कारण तातडीच्या विभागात गर्दी असते आणि तिथले डॉक्टर 'अपघात' हा एक शब्द लिहून मोकळे होतात. मग मला वॉर्डात जाऊन रुग्णालाच विचारावं लागतं. तंत्रशाळेतून वैद्यकीय नोंदणीची पदविका घेऊन मी इथं आलो तेव्हापासून हेच विचारत आलो आहे.

माझी सहायक न्युरिस मृत्यूच्या चार फायली वेगळ्या काढत होती. इतरांसारखीच तीही मला माएस्त्रो, म्हणजे मास्तर म्हणते. तिसरीवर तिचा हात थांबला.

"माएस्त्रो, ही ती रोलरवाली तर नव्हे?"

मी नाव वाचलं. युदेल्का पावलिनो, वय बावीस, केशकर्तनालयात कामाला. होय, तीच होती.

जूनमध्ये मी तिला हाडांच्या वॉर्डात भेटलो होतो. डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलेलं, पाय कप्पीवरून ताणून ठेवलेला, आणि दोरीच्या टोकाला वजन म्हणून वाळू भरलेला रंगाचा डबा. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. ती खाट युदेल्कानं स्वतःच्या खाटेला लावून घेतली होती आणि पडल्या पडल्या त्या बाईच्या केसांना रोलर गुंडाळत होती. वॉर्डातल्या आणखी तिघी आपापल्या पाळीची वाट पाहत होत्या.

"मोटरसायकल चालवत होतीस, की मागे बसली होतीस?" मी विचारलं होतं.

"मागे. चालवत असते तर घरी पोचले असते."

"आणि आदळलं काय?"

"भातगिरणीचा ट्रक. अंधार पडत आलेला, आणि त्याला दिवेच नव्हते. लिहा. आणि हेही लिहा की त्या दिवशी माझे केस अगदी ताजे सेट केलेले होते."

"त्याला संकेतांक नाही, मुली."

"मग कसली हो तुमची एवढी जाड पुस्तकं!"

वॉर्ड हसला होता. मीही हसलो असेन. तिचा दुसरा संकेतांक मी त्याच दुपारी लिहिला : व्ही चोवीस, टिंब पाच. मोटरसायकलवर मागे बसलेली व्यक्ती, अवजड वाहनाशी टक्कर. तिच्या हाडाला बसवायची धातूची पट्टी राजधानीहून यायची होती, ती आली नाही. जूनअखेरीस खाटा कमी पडू लागल्या, तेव्हा कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून तिला घरी पाठवण्यात आलं.

आता समोर असलेली फाईल वेगळी होती, शनिवारी नव्यानं उघडलेली. आत एकच पान. सकाळी घरच्यांनी आणलं, अचानक दम लागला, तासाभरात मृत्यू. प्लास्टरचा उल्लेख नाही. जुन्या फाईलचा क्रमांक नाही. सोबतच्या मृत्यू प्रमाणपत्रावर कारण होतं 'तीव्र हृदयविफलता', प्रकार 'नैसर्गिक', आणि खाली डॉक्टर रोसेंदो तावारेस यांची सही.

"बावीस वर्षांची पोर, आणि म्हणे हृदय बंद पडलं," न्युरिस म्हणाली. "मेल्यावर ज्याचं हृदय चालू राहिलंय असा एक तरी दाखवा मला."

महिनाभर पाय जखडून पडलेल्या माणसाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती एक दिवस सुटते आणि फुफ्फुसात जाऊन अडकते. हे मला ठाऊक होतं, न्युरिसलाही होतं. पण आम्हाला ठाऊक असणं वेगळं आणि फायलीत लिहिलेलं असणं वेगळं. डॉक्टरांनी जे लिहिलेलं नाही ते आमच्या खोलीनं लिहायचं नाही, शंका असेल तर विचारायची, असा नियम आहे. तो चांगला नियम आहे. तो नसता तर दर खोलीनं आपापल्या कल्पनेनं माणसं मारली असती.

मी विचारायला गेलो.

डॉक्टर तावारेस तातडीच्या विभागाच्या मागच्या दारापाशी कॉफीच्या गाडीवर उभे होते. त्यांच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा राहिलो होतो, म्हणून ते मला कोंपाद्रे म्हणतात आणि मी त्यांना.

"रोलरवालीसाठी आलात ना, कोंपाद्रे?" कप माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. बाकीचे तिघं म्हातारे होते."

"हृदयविफलता लिहिलीत."

"गुठळी होती. दारातून आत आणली तेव्हाच ओळखलं मी. ओठ निळे, एक पाय प्लास्टरात. शाळेतल्या पोरानंही ओळखलं असतं."

"मग?"

"मग काय! गुठळी लिहिली की कशामुळे ते लिहावं लागतं. प्लास्टर लिहिलं की ट्रक लिहावा लागतो. ट्रक लिहिला की अपघाती मृत्यू. आणि अपघाती मृत्यू म्हटला की कायद्यानं विच्छेदनाची गाडी बोलवायची. शनिवारी गाडी येते का? सोमवारी आली असती. बुधवारी पोर परत पाठवली असती, हनुवटीपासून खालपर्यंत पोतं शिवतात तशी शिवून. तोवर आईनं काय करायचं? तिकडे घरी जागरणाला लोक कॉफी पीत बसलेत, आणि खोलीत शवपेटीच नाही!"

मी कप गाडीवर ठेवला.

"ती कॉरिडॉरमध्ये गुडघ्यांवर बसली होती, कोंपाद्रे. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, लेकरा, मला ती अख्खी दे. मी दिली."

आमच्या रुग्णालयात याला अख्खं सोडणं असंच म्हणतात. जो रस्त्यावरच मरतो त्याच्यासाठी कुणालाच काही करता येत नाही, तिथं पोलीस उभे असतात. पण जो काही आठवडे जगून मग मरतो, त्याच्या घरच्यांनी पाय धरले तर डॉक्टर एखादं नैसर्गिक नाव शोधून काढतो. न्युमोनिया, मूत्रपिंड, हृदय. याबद्दल कुणी काही घेत नाही. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत त्या घरून डॉक्टरसाठी गोड घेवड्याच्या खिरीचा डबा येतो, एवढंच. ज्या रुग्णालयाला मांडीच्या हाडाची पट्टी वेळेवर आणता येत नाही, त्याला गरिबासाठी करता येण्यासारखं हे एकच काम उरलेलं आहे, अशी आमच्याकडच्या बहुतेक डॉक्टरांची प्रामाणिक समजूत होती.

"मला शंका लेखी द्यावी लागेल," मी म्हणालो.

"द्या की. मीही लेखीच उत्तर देतो. मात्र पुरून झालं आहे, हे ध्यानात असू द्या. काल संध्याकाळी."

मी चिठ्ठी पाठवली. ती दुपारी परत आली. खाली दोन शब्द होते : बदल नाही. मी आय पन्नास, टिंब नऊ हा संकेतांक लिहिला आणि चौथी फाईल उघडली.

*

ऑक्टोबरच्या मध्याला एक बाई आमच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. उन्हासाठी धरलेली काळी छत्री तिनं आत आल्यावरही मिटली नव्हती. साठीला टेकलेली, ठेंगणी, हाताची बोटं कसावाचे कंद किसून किसून पांढरी पडलेली. बाजारात कसावाच्या भाकऱ्या विकणाऱ्या दोन्या एर्सिलियाला सगळं गाव ओळखतं; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात. ती युदेल्काची आई आहे हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.

न्युरिसनं तिला आत घेऊन खुर्ची दिली.

"तुम्ही संख्यावाले माएस्त्रो ना? माझ्या पोरीनं सांगितलं होतं. म्हणाली, आई, एक म्हातारा आला होता, त्याच्या पुस्तकात केसच नाहीत."

"मीच तो."

"मला एक कागद हवाय."

तिनं सगळं सांगितलं, आणि फारसं न अडखळता सांगितलं. अपघाताचा खटला जूनपासून चालू होता, पण तो दुखापतीचा. पोर गेल्यावर तो मृत्यूचा होईल असं तिला वाटलं होतं. गेल्या आठवड्यात सुनावणीला भातगिरणीच्या वकिलानं उठून मृत्यूचं प्रमाणपत्र वाचून दाखवलं.

"कागद असा वर धरला न् माझ्याकडे बघून म्हणाला, दोन्या, तुमच्या मुलीला देवानं नेलं, आमच्या ट्रकनं नाही. कागदात तसंच आहे म्हणे. तीव्र का काय ते हृदय. आहे तसं?"

"आहे."

"माझ्या पोरीचं हृदय घोड्यासारखं होतं. बारा-बारा तास उभी राहायची ती त्या केस वाळवायच्या गरम यंत्रांपाशी." तिनं छत्री मिटून मांडीवर आडवी ठेवली. "नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला गिरणीनं दोन पोती तांदूळ पाठवला होता. मला वाटलं, चला, माणुसकी आहे यांच्यात. तोच शिजवला मी. सगळ्या वस्तीनं खाल्ला, मीसुद्धा खाल्ला. आता घशाखाली गेलेलं वर येत नाही."

"कागद कशासाठी हवाय, दोन्या?" न्युरिसनं हळूच विचारलं.

"अगं, तो माणूस अजून तोच ट्रक चालवतो. रोज संध्याकाळी माझ्या दारावरून जातो. दिवे अजूनही नाहीत! सरकारी वकीलबाई म्हणाल्या, मृत्यूचा खटला झाला तर ट्रक जप्त होईल, त्याचं लायसन्स जाईल, तो तुरुंगात जाईल. दुखापतीचा असेल तर दोन सह्या आणि समेट. मला समेट नको. माझी पोर ट्रकनं गेली एवढं लिहून द्या, बाकी मी बघून घेते."

असं लिहून देणं माझ्या हातात नव्हतं. ते तिला सांगणं भाग होतं, आणि का नाही हे सांगितल्याशिवाय तिनं ते ऐकलं नसतं. म्हणून मी क्रमानं सांगितलं. गुठळी, प्लास्टर, ट्रक. मग गाडी, विच्छेदन, शनिवार. ती कुठल्या वाक्यावर समजली ते मला दिसलं. तिचे हात छत्रीवर स्थिर झाले.

"म्हणजे मी मागितलं म्हणून."

"तुम्ही मागितलं, त्यांनी दिलं. त्या वेळी ट्रकचा खटला दोघांच्याही ध्यानात नव्हता."

"मी त्यांच्या हाताची पापी घेतली होती," ती म्हणाली. मग उठली. "चला, कुठे आहे तो?"

मी तिला घेऊन गेलो. डॉक्टर तावारेस एका मोटरसायकलवाल्याची हनुवटी शिवत होते. टाके पुरे झाल्यावर हातमोजे काढून ते बाहेर आले. तिला पाहिल्याबरोबर त्यांनी ओळखलं.

"दोन्या."

"लेकरा, तू मला दिलंस ते आता परत घे."

ते भिंतीला टेकले. मी तिथंच होतो. मला वाटलं होतं की ते टाळाटाळ करतील, निदान उद्यावर ढकलतील. कायद्यातून पळवाट काढून प्रमाणपत्र लिहिल्याचं स्वतःच्या सहीनं कबूल करणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"लिहून देतो," ते म्हणाले. "कोंपाद्रे, दुरुस्तीचा कोरा नमुना आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"तुझं काय होईल मग?" तिनं विचारलं.

"माझं मी बघीन. तीन पोरी आहेत, एखादी पोसेल." हसायचा प्रयत्न त्यांनी मधेच सोडून दिला. "दोन्या, मी त्या दिवशी तुमचं भलंच करायला गेलो होतो."

"माहीत आहे, लेकरा. म्हणून तर ओरडत नाही."

*

दुरुस्ती पुरेशी नव्हती. सरकारी वकीलबाई तरुण होत्या. त्यांच्या टेबलावर पंखा होता आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक कैरी ठेवलेली होती. जुलैचं प्रमाणपत्र आणि ऑक्टोबरची दुरुस्ती त्यांनी शेजारी शेजारी मांडली. रुग्णालयाच्या दोन्ही फायली घेऊन मी दोन्या एर्सिलियाबरोबर गेलो होतो.

"दोन कागद, सही एकच," त्या म्हणाल्या. "समोरचा वकील विचारेल, डॉक्टर, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता? मी काय उत्तर देऊ? हृदय बंद पडून गेली म्हणून नोंदलेली बावीस वर्षांची मुलगी. तो म्हणेल घराण्यातला दोष असेल, गोळ्या घेत असेल, काहीही म्हणेल. गुठळी कुणी पाहिलीय का? कुणीच नाही."

"मग कशानं होईल?" दोन्यानं विचारलं.

"शव वर काढावं लागेल. आदेश मी काढू शकते. पण तुमची संमती असल्याशिवाय मला काढायचा नाही."

दोन्या एर्सिलियानं टेबलावरची एक कैरी उचलून परत जागेवर ठेवली.

"उघडणार तिला."

"हो."

"जे तेव्हा करणार होते तेच."

"तेच."

"आणि दिसेल ना? उघडल्यावर कळेल ना ते?"

"कळायला हवं," वकीलबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

विया काओबाच्या कबरस्तानात जमिनीत पुरत नाहीत. सिमेंटच्या कोनाड्यांत पेटी सरकवून तोंड विटांनी बंद करतात. ऑगस्टमध्ये त्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. फुफ्फुसासारखा मऊ अवयव त्या भट्टीत किती टिकतो, याचा अंदाज करायला डॉक्टर असावं लागत नाही.

"खात्री नाही, दोन्या," मी म्हणालो. "हाड दिसेल. बाकीचं सांगता येत नाही."

वकीलबाईंना ते आवडलं नाही. "माएस्त्रो, तुम्ही फायली आणायला आला आहात," त्या म्हणाल्या.

"असू दे, बाई. बोलू द्या त्यांना." दोन्यानं हात वर केला. "खोटं एकदा मागून झालंय माझं."

तिनं विचार करायला तीन दिवस घेतले. शेजारणी म्हणाल्या, मेलेल्याला निजू द्यावं. तिचा भाऊ डोंगरातून खाली उतरून आला आणि म्हणाला, हात लावाल तर याद राखा. तिसऱ्या संध्याकाळी तो भाऊ आणि ती दारात बसलेली असताना ट्रक गेला. मागे पोती रचलेली, पुढे दिवे नाहीत. भावानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्यानंतर तो काही बोलला नाही. सकाळी तिनं जाऊन सही केली. हे सगळं मला नंतर तिच्याचकडून कळलं.

*

आदेश, त्यावर शिक्का, राजधानीहून डॉक्टर यायची तारीख, असं होता होता डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला. क्ष-किरणाच्या चित्रावरून ओळख पटवायला रुग्णालयाचा माणूस हजर हवा होता, म्हणून मी गेलो. डॉक्टर तावारेस तोवर कामावरून निलंबित झालेले होते. ते आले नाहीत.

दोन्या एर्सिलिया कबरस्तानाच्या भिंतीबाहेर आंब्याखाली बसली होती. मांडीवर इस्त्री केलेली पांढरी चादर. मला पाहून तिनं फक्त मान हलवली.

गवंड्यानं विटा फोडल्या. पेटी बाहेर ओढून पत्र्याच्या छपराखाली नेली. झाकण निघालं तेव्हा उशाशी प्लास्टिकचे रोलर होते, गुलाबी, दहा-बारा. वॉर्डातल्या बायकांनी ते ठेवले असावेत. इतर सगळं बदललं होतं. त्यांचा रंग तेवढा तसाच होता.

राजधानीहून आलेली विच्छेदक डॉक्टर मध्यमवयीन होती. कमी बोलायची आणि काम भरभर करायची. मी चित्र धरून उभा होतो. तिनं मांडीचं हाड पाहिलं, चित्राशी ताडलं, मान डोलावली. मग ती छातीकडे वळली. तिथं ती बराच वेळ होती.

"हाड मोडलेलं होतं आणि जुळायला लागलं होतं," शेवटी हात धुताना ती म्हणाली. "ते मी स्पष्ट लिहीन. फुफ्फुसाचं लिहिण्यासारखं काही राहिलेलं नाही. गुठळी होती असं म्हणता येत नाही, नव्हती असंही म्हणता येत नाही. हृदयाचंही तेच."

"आणि जुलैमध्ये पाहिलं असतं तर?"

"जुलैमध्ये दहा मिनिटांचं काम होतं." तिनं टॉवेलला हात पुसले. "कुणी सही केली हो त्या प्रमाणपत्रावर?"

"एका चांगल्या डॉक्टरनं."

"अशांच्याच सह्या असतात," ती म्हणाली आणि पिशवी आवरू लागली.

मी बाहेर गेलो. दोन्या एर्सिलिया उठून उभी राहिली. काय सापडलं हे तिनं विचारलंच नाही.

"शिवली का नीट?"

"शिवली."

"मग हे घाला अंगावर." तिनं चादर माझ्या हातात दिली. "मी आत येत नाही. मला ती जुलैतलीच आठवू दे."

चादर मी आत नेऊन दिली. गवंड्यानं नव्या विटा लावल्या, सिमेंट ओलं असताना त्यावर खिळ्यानं नाव कोरलं. कोपऱ्यात तारीख घालायला तो विसरला. कुणी आठवण केली नाही.

*

अहवाल फेब्रुवारीत आला. मृत्यूचं कारण : अनिश्चित. प्रकार : अनिश्चित. कायद्याप्रमाणे त्यानं जुलैचं प्रमाणपत्र रद्द झालं, आणि ऑक्टोबरची दुरुस्तीही. मी युदेल्का पावलिनोच्या नावापुढचा जुना संकेतांक खोडला आणि आर नव्याण्णव लिहिला. कारण माहीत नसलेल्या मृत्यूसाठी ती जागा असते. बहुधा नदीत सापडलेली प्रेतं आणि ज्यांना कुणी ओळखत नाही असे म्हातारे तिथं जातात.

मृत्यूचा खटला उभा राहिला नाही. दुखापतीचा मार्चमध्ये समेटानं मिटला. समेटावर सही करायला दोन्या एर्सिलिया गेली नाही, पण कायद्यानं तिची सही लागतच नव्हती. जी जखमी झाली होती ती हयात नव्हती, आणि दुसरा जखमी म्हणजे मोटरसायकल चालवणारा, त्यानं सही दिली. त्याचं खांद्याचं हाड केव्हाच जुळलं होतं.

डॉक्टर तावारेसना सहा महिन्यांनी परत घेतलं, मात्र आमच्याकडे नाही. हैतीच्या सीमेकडच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात त्यांना पाठवलं. निघण्यापूर्वी ते खिडकीशी आले होते.

"तिकडे ट्रक नाहीत, कोंपाद्रे," ते म्हणाले. "गाढवावरून पडलेल्याला कुठला संकेतांक?"

मी तो सांगितला. त्यांनी तो हातावर लिहून घेतला.

त्यांच्या जागी आलेला तरुण डॉक्टर कुणालाही अख्खं सोडत नाही. तो प्रत्येकासाठी गाडी बोलावतो. शनिवारी मेलेल्यांचे नातेवाईक तातडीच्या विभागासमोरच्या कट्ट्यावर सोमवारपर्यंत बसून राहतात. काही त्याला शिव्या देतात. एक-दोघं डॉक्टर तावारेस यांचं नाव काढून रडतात. न्युरिस आता त्या दारानं येत नाही, वळसा घालून स्वयंपाकघराकडून येते.

मार्चच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आदल्या वर्षाचा तक्ता बंद करायचा असतो. त्यानंतर त्यात बदल होत नाही. त्या दिवशी दुपारी दोन्या एर्सिलिया खिडकीशी आली. सोबत कागदात गुंडाळलेल्या कसावाच्या भाकऱ्या होत्या. त्या तिनं न्युरिसपुढे ठेवल्या.

"तुमचं आज पुस्तक बंद होतं म्हणे."

"होतं."

"ती कुठे आहे त्यात?"

मी तक्ता तिच्याकडे वळवला आणि बोट ठेवलं.

"हे काय, हृदय?"

"नाही. हृदयातून काढलं."

"मग ट्रकमध्ये?"

"ट्रकमध्येही नाही, दोन्या. हा माहीत नसलेल्यांचा रकाना."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे. या मुलीला माहीत आहे. त्या डॉक्टरला माहीत आहे, त्या गिरणीवाल्यालाही माहीत आहे." तिनं त्या चौकोनावरून बोट फिरवलं. "आणि ट्रकवाल्या, मोटारवाल्या, सगळ्या रस्त्यावरच्यांचा रकाना कुठला?"

मी तो दाखवला.

"किती आहेत?"

मी आकडा वाचला. तिनं तो स्वतःशी एकदा म्हटला, छत्री उघडली आणि उन्हात गेली. चार वाजता मी खाली सही केली आणि तक्ता राजधानीला पाठवला. प्रांतात त्या वर्षी रस्ते अपघातातले मृत्यू : एकशे चार.